सुराला बांधलेली पोकळी : अतिसंवाहक वेगवर्धकांच्या नियमनाची कथा

यंत्रांचा इतिहास बहुधा शक्तीच्या अंगाने लिहिला जातो. वाफेच्या यंत्राने खाणीतले किती पाणी उपसले, आगगाडीने किती भार ओढला, विजेने किती गावे उजळली, याच्या नोंदी इतिहासकार हौसेने ठेवतात. त्या शक्तीला आवर कसा घातला गेला, याची कथा मात्र बऱ्याचदा तळटीपेत जाते. जेम्स वॉट हे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १७८८ साली त्याच्या यंत्रावर बसलेला दोन फिरत्या गोळ्यांचा नियामक तितका कोणाच्या स्मरणात नसतो. यंत्राचा वेग वाढला की ते गोळे बाहेरच्या बाजूस फेकले जात व वाफेची झडप थोडी मिटे. वेग मंदावला की गोळे खाली येत व झडप पुन्हा उघडे. यंत्राने आपली चूक आपणच ओळखून आपणच दुरुस्त करावी, ही कल्पना या दोन गोळ्यांत साकारलेली होती. हे नियामक कधी कधी स्वतःच डोलू लागतात आणि यंत्र स्थिर करण्याऐवजी अधिक अस्थिर करतात. तसे का होते याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली एका छोट्या निबंधात मांडले. विद्युत्-चुंबकीय लहरींचे समीकरण देणारा आणि नियंत्रणशास्त्राचा पाया घालणारा पुरुष एकच असावा, हा योगायोग पुढील कथेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कारण या कथेत लहर आणि लगाम या दोन्ही गोष्टी एकाच पात्रात येऊन मिळतात.

विजेच्या क्षेत्रात हा विचार रुजविण्याचे श्रेय हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला द्यावे लागते. दूरध्वनीचा आवाज शेकडो मैल नेण्यासाठी वाटेत प्रवर्धक बसवावे लागत, आणि प्रत्येक प्रवर्धक आवाजात आपली थोडी विकृती मिसळत असे. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या होडीवर ब्लॅकला सुचले, की प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडला तर विकृती आपोआप कमी होईल. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अंकावरच आकृती व समीकरणे लिहून काढली. जवळची शक्ती मुद्दाम गमवावी आणि त्या मोलाने शुद्धता विकत घ्यावी, हा व्यवहार त्या काळी इतका विपरीत वाटला की पेटंट मिळण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. या तत्त्वाला इंग्रजीत ‘फीडबॅक’ म्हणतात. त्यासाठी मराठीत एकाहून अधिक प्रतिशब्द सुचविले गेले. कारखान्यातला मराठी तंत्रज्ञ मात्र फीडबॅकच म्हणतो, आणि या लेखातही तोच शब्द ठेवला आहे.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. अणूच्या अंतरंगात डोकावण्यासाठी कणांना प्रचंड वेग द्यावा लागतो. त्यासाठी जी यंत्रे उभारली जातात ते कण-वेगवर्धक. अशा यंत्राचा प्राण म्हणजे धातूची एक पोकळी. तिच्यात रेडिओलहरी कोंडली की ती भिंतीभिंतींवर आदळत उभी राहते, आणि योग्य क्षणी आत शिरलेल्या कणाला पुढे ढकलते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देताना हाताचा रेटा जसा नेमक्या क्षणी बसावा लागतो, तसेच येथेही आहे. फरक इतकाच की हा झोपाळा सेकंदाला एक अब्जाहून अधिक वेळा ये-जा करतो. तांब्याच्या पोकळीत या लहरीची बरीचशी शक्ती भिंती तापविण्यातच खर्च होते. म्हणून तांब्याची मोठी यंत्रे क्षणभर चालवून क्षणभर विसावू द्यावी लागतात. स्टॅनफर्डचा दोन मैल लांबीचा प्रसिद्ध रेषीय वेगवर्धक एका वेळी सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या हिशोबातच शक्ती घेत असे.

या उधळपट्टीवरचा उतारा लायडनच्या प्रयोगशाळेत आधीच सापडलेला होता. हाइके कामरलिंग ओनेस या डच शास्त्रज्ञाने १९०८ साली हीलियम वायूचे द्रवीकरण केले, आणि १९११ साली त्याला आढळले की सुमारे ४.२ केल्व्हिन तापमानाला पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. तिचे समाधानकारक सैद्धांतिक स्पष्टीकरण बार्डीन, कूपर व श्रीफर या त्रयीने १९५७ साली दिले. म्हणजे शोध आणि उलगडा यांत सेहेचाळीस वर्षांचे अंतर पडले. त्या सिद्धांतातून एक बारकावा पुढे आला. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला अतिसंवाहकात रोध शून्य असतो. पण दिशा सारखी बदलणाऱ्या रेडिओलहरीला थोडा रोध उरतोच. हा उरलेला रोध तांब्याच्या मानाने लक्षांश भागाइतका असू शकतो आणि तापमान खाली नेले की तो आणखी वेगाने घटतो. म्हणूनच आजची बहुतेक यंत्रे २ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड केली जातात.

१९६५ साली स्टॅनफर्ड येथे शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन प्रथम वेगवर्धित झाले. पुढे शिशाची जागा निओबियम या धातूने घेतली, कारण त्याची अतिसंवाहकता ९.२ केल्व्हिनपर्यंत टिकते. स्टॅनफर्डच्या मंडळींनी १.३ गिगाहर्ट्‌झ ही कंप्रता निवडली होती, आणि जगातील पुढची अनेक यंत्रे त्याच सुरावर बांधली गेली. उत्तम निओबियम पोकळीची अनुस्पंदनाची गुणवत्ता दहा अब्जांच्या घरात जाते. या आकड्याचा अर्थ असा : सेकंदाला एक झोका घेणारा लंबक इतक्या गुणवत्तेचा असता, आणि त्याला एकदाच धक्का देऊन सोडून दिले असते, तर त्याचा झोका मूळच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येण्यास सुमारे शंभर वर्षे लागली असती. एखाद्या ग्रंथालयाच्या स्थापनेच्या दिवशी हललेला लंबक शताब्दीच्या दिवशीही हलताना दिसला असता. तांब्याच्या पोकळीच्या तोडीचा लंबक दोन-तीन तासांतच त्या अवस्थेला येईल.

परंतु निसर्ग काही फुकट देत नाही. जी पोकळी इतका काळ घुमते, ती आपल्या एकाच सुराला तितकीच घट्ट चिकटलेली असते. उत्तम जुळविलेल्या तंबोऱ्याची तार शेजारच्या सुराला प्रतिसाद देत नाही, त्याप्रमाणे अशी पोकळी आपल्या कंप्रतेच्या किंचित अलीकडच्या वा पलीकडच्या लहरीला आत येऊच देत नाही. आणि तिची स्वतःची कंप्रता तर तिच्या आकारावर अवलंबून. निओबियमची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. नऊ कप्प्यांच्या, सुमारे एक मीटर लांबीच्या पोकळीची लांबी एका मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने बदलली, तर तिचा सूर सुमारे तीनशे हर्ट्‌झने ढळतो. हीलियमचा दाब थोडा चढला-उतरला, निर्वात पंप थरथरला, आवाराबाहेरच्या रस्त्यावरून अवजड मालमोटार गेली, की पोकळी बेसूर होते. या त्रासाला अभियंत्यांनी ‘मायक्रोफोनिक्स’ असे नाव दिले. नाव अन्वर्थक आहे, कारण पोकळी खरोखरच आसपासचा आवाज ऐकत असते.

याहून विलक्षण शत्रू पोकळीच्या पोटातच दडलेला होता. आतली लहर स्वतःच भिंतींवर दाब देते. लहर बलवान झाली की हा दाब पोकळीचा आकार बदलतो, आकार बदलला की सूर बदलतो, सूर बदलला की लहर दुबळी होते, लहर दुबळी झाली की भिंत पूर्ववत होऊ लागते, आणि हे चक्र वाईट तऱ्हेने जुळून आले तर पोकळी आपणच थडथडू लागते. कार्ल्सरूह येथे १९७१ साली शुल्झ याने आपल्या प्रबंधात या अस्थिरतेचा पद्धतशीर विचार केला. पुढे १९७८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये झां डेलायेन याने तिच्यावर एक कल्पक उपाय सविस्तर मांडला. गणेशोत्सवाच्या मांडवात ध्वनिवर्धकासमोर माइक धरला की कर्णकटू शिट्टी वाजते, हा सर्वांच्या अनुभवातला प्रसंग आहे. ती शिट्टी म्हणजे स्वतःच्या फीडबॅकवर पोसलेला आवाज. डेलायेनच्या मांडणीत पोकळीला अशीच ‘शिट्टी’ मुद्दाम वाजवू दिली जाते. ती आपल्या ढळत्या सुराबरोबर ढळत राहते, पण बंद पडत नाही. मग हळूहळू तिला बाहेरच्या प्रमाण घड्याळाशी बांधून घेतले जाते. हट्टी मुलाला आधी त्याच्या कलाने घेऊन मग वळण लावण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा.

या पद्धतीचा आपल्याकडील उत्तम नमुना मुंबईत कुलाब्याला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ साली अखेरीस कार्यान्वित झाला. त्याच्यापुढे जोडावयाच्या अतिसंवाहक रेषीय वेगवर्धकासाठी तांब्याचे अनुस्पंदक घडवून त्यांवर काही मायक्रॉन जाडीचा शिशाचा थर चढविण्याचे तंत्र मुंबईतच साधले गेले. असे अठ्ठावीस अनुस्पंदक, एका शीतपात्रात चार याप्रमाणे सात पात्रांत बसविलेले, आणि प्रत्येकाची कंप्रता १५० मेगाहर्ट्‌झ. प्रत्येक अनुस्पंदकाला स्वतंत्र शक्तिस्रोत आणि स्वतंत्र नियंत्रक. नोव्हेंबर २००७ मध्ये हे यंत्र संशोधकांच्या हाती देण्यात आले. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेच्या साहाय्याने निओबियमचा मार्ग धरला आणि पुढे निओबियमचे अनुस्पंदक देशातच जोडण्याची सिद्धता केली. ही दोन्ही यंत्रे जड आयनांसाठी आहेत व त्यांचा आवाका मर्यादित आहे. पण बेसूर होणाऱ्या पोकळीला सुरात ठेवण्याचा अनुभव आपल्या अभियंत्यांना येथेच मिळाला, आणि त्याचे मोल यंत्राच्या आकारावरून ठरवणे योग्य नव्हे.

परदेशांत या काळात यंत्रे झपाट्याने वाढत होती. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे ३३८ पोकळ्यांचे यंत्र उभे राहिले व नव्वदीच्या दशकाच्या मध्यास चालू झाले. जिनीव्हाच्या ‘सर्न’ने आपल्या मोठ्या वर्तुळात २८८ अतिसंवाहक पोकळ्या, त्यांतील बहुतेक तांब्यावर निओबियमचा पातळ थर दिलेल्या, बसविल्या, आणि तेथेही भिंतींच्या थडथडण्याचा अनुभव घेतला. न्यूपोर्ट न्यूजला प्रत्येक पोकळीमागे एक क्लायस्ट्रॉन होता. क्लायस्ट्रॉन ही रेडिओलहरींना प्रचंड शक्ती देणारी निर्वात नळी, आणि ती स्वस्त नसते. ही व्यवस्था नियंत्रणाला सोपी होती. खर्चाला मात्र ती भारी पडणार हे उघड होते, आणि येथेच या कथेला वळण मिळाले.

हँबुर्गच्या ‘डेझी’ या प्रयोगशाळेत ब्यॉर्न वीक नावाचा एक नॉर्वेजियन पदार्थवैज्ञानिक होता. मूलकण जोडणाऱ्या ग्लुऑनचा शोध १९७९ साली ज्या प्रयोगांतून लागला त्यांत त्याचा वाटा होता, आणि तेथील ‘हेरा’ हे यंत्र उभारण्यातही तो अग्रभागी होता. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची समोरासमोर टक्कर घडविणारे तीसेक किलोमीटर लांबीचे यंत्र अतिसंवाहक पोकळ्यांचेच करावे, अशी त्याची धारणा होती. जाणकार मंडळी मान हलवीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्या वेळच्या पोकळ्या मीटरमागे पाचेक दशलक्ष व्होल्ट पेलत. वीकला पंचवीस दशलक्ष हवे होते, आणि खर्च विसाव्या हिश्श्यावर आणावयाचा होता. ‘टेस्ला’ या नावाने ही योजना १९९० नंतर आकाराला आली. धातूची शुद्धता, पृष्ठभागाची धुलाई, धूळविरहित जोडणी यांवर वर्षानुवर्षे परिश्रम झाले व पोकळ्या त्या उंचीला पोचल्या. खर्चाची दुसरी बाजू मात्र धातूने सुटणारी नव्हती. ती अशी, की एकाच क्लायस्ट्रॉनने आठ, सोळा आणि अखेर बत्तीस पोकळ्या एकदम पोसाव्यात.

यातला पेच नीट पाहण्यासारखा आहे. टेस्ला-पद्धतीच्या पोकळीची शलाका-जोडणीसहची पट्टरुंदी सुमारे ४३० हर्ट्‌झ, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वादोनशेच्या आत-बाहेर. पंचवीस दशलक्ष व्होल्टची लहर भरली की लहरीच्या स्वतःच्या दाबानेच पोकळी सुमारे सहाशे हर्ट्‌झने ढळते. म्हणजे शक्ती भरता भरताच भांडे हाताखालून सरकते. आणि हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागात घडते : पाचशे मायक्रोसेकंद भरण्यास, आठशे मायक्रोसेकंद कणांच्या प्रवासास, मग विराम, आणि असे दर सेकंदाला दहा वेळा. कप्प्यांच्या मध्ये कड्या जोडून भिंत मजबूत केली गेली; पोकळी आधीच थोडी उलट्या बाजूने ढाळून ठेवण्याची युक्ती योजली गेली; पुढे विद्युत्-दाबाने लांब-आखूड होणारे पायझो स्फटिक लावून पोकळीला नेमक्या क्षणी हळूच ताण देण्याचेही साधले. तरीही बत्तीस पोकळ्यांतली प्रत्येक आपापल्या तऱ्हेने ढळणार, आणि लगाम मात्र एकच.

यावर काढलेला मार्ग म्हणजे सदिश बेरीज. प्रत्येक पोकळीतील लहरीचे माप घ्यावयाचे, सर्व मापांची बेरीज करावयाची, आणि ती बेरीज अचल ठेवावयाची. कणाला कोणत्या पोकळीने किती ढकलले याच्याशी कर्तव्य नसते. एकंदर किती वेग मिळाला एवढेच महत्त्वाचे. एकत्र कुटुंबाचा जमाखर्च वर्षअखेरीस जुळतो. त्यात कोणाच्या वाट्याला ओढाताण आली हे वहीत दिसत नाही. येथेही तीच मेख होती. एका पोकळीचे माप चुकीचे येत असले तर बेरीज बरोबर दिसूनही कणांना मिळणारा वेग चुकणार. एखादी पोकळी सोसवेल त्याहून अधिक ताणली गेली तर तिची अतिसंवाहकता क्षणात मोडणार, आणि बेरीज सांभाळण्याच्या नादात नियंत्रक इतरांना आणखी ताणणार.

बत्तीस लहरींची अशी बेरीज जुन्या धर्तीच्या विद्युत्-मंडलांनी करणे अशक्य नसले तरी जिकिरीचे होते. प्रत्येक लहरीला दोन गुण असतात : झोका किती मोठा, आणि ठरल्या क्षणी तो कोठे आहे. पहिल्याला परमप्रसर म्हणतात, दुसऱ्याला कला. हे दोन गुण स्वतंत्रपणे सांभाळू पाहणारी दोन मंडले पोकळी ढळली की एकमेकांच्या पायात पाय घालतात. हँबुर्गला श्टेफान सिम्रॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यास ही सारी व्यवस्था अंकांवर नेली. सिम्रॉकने त्यापूर्वी न्यूपोर्ट न्यूजच्या यंत्राच्या नियंत्रणावर काम केलेले होते, तेव्हा जुन्या पद्धतीच्या मर्यादा त्याला पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. तोमास शिल्चर याने हँबुर्ग विद्यापीठाला १९९८ साली सादर केलेला प्रबंध याच विषयाचा असून या शाखेत तो आजही वाचला जातो.

त्यांची युक्ती ऐकावयास साधी आहे. १.३ गिगाहर्ट्‌झची लहर थेट मोजणे त्या वेळच्या साधनांना झेपणारे नव्हते. म्हणून तिची परमप्रसर व कला कायम राखून ती २५० किलोहर्ट्‌झवर उतरवली गेली, आणि दर मायक्रोसेकंदाला तिचे एक माप घेतले गेले. २५० किलोहर्ट्‌झच्या लहरीचा एक फेरा चार मायक्रोसेकंदांचा. म्हणजे दर माप पाव फेऱ्याने पुढचे. लागोपाठची दोन मापे घेतली की लहरीचे दोन काटकोनी घटक हाती येतात. नकाशावरचे ठिकाण ‘पूर्वेला इतके व उत्तरेला इतके’ असे सांगावे, तसेच हे. अशा घटकांची बेरीज म्हणजे निव्वळ आकड्यांची बेरीज. मग पोकळ्या आठ असोत की बत्तीस. प्रत्येक पोकळीच्या तारेची लांबी वेगळी, मापकाची संवेदनशीलता वेगळी. तेही आकड्यांच्या गुणाकाराने दुरुस्त करता येते. तारा कापत आणि बटणे पिळत बसण्याचे कारण उरत नाही. मोजण्यापासून दुरुस्ती पोचेपर्यंत चार-पाच मायक्रोसेकंदांचा विलंब मात्र अटळ होता, आणि विलंब असलेला फीडबॅक फार जोराने लावला तर मॅक्सवेलने पाहिलेल्या त्या डोलणाऱ्या नियामकासारखी गत होते. म्हणून लगाम किती आवळावयाचा याला मर्यादा होती.

ती मर्यादा ओलांडण्यास अंकीय पद्धतीचा दुसरा गुण उपयोगी पडला. संगणकाला स्मरण असते. या यंत्रातील प्रत्येक स्पंद मागील स्पंदासारखाच असतो. भिंती त्याच क्रमाने वाकतात, कण त्याच क्षणी येतात व तितकीच शक्ती उचलून नेतात. तेव्हा जी चूक दर वेळी ठरलेल्या जागी होणार हे ठाऊक आहे, तिची दुरुस्ती चूक होण्यापूर्वीच पाठवता येते. मागील स्पंदांवरून ही दुरुस्तीची सारणी आपोआप सुधारत नेण्याची पद्धत हँबुर्गला रूढ झाली. फीडबॅकच्या वाट्याला मग फक्त अनपेक्षित गोष्टी उरल्या. या विषयाच्या इतिहासात पोकळ्यांच्या विक्रमी आकड्यांचा जितका गौरव झाला आहे, त्या मानाने या सारणीचा फारच थोडा झाला. वस्तुतः एका क्लायस्ट्रॉनवर अनेक पोकळ्या चालवून दाखविल्या नसत्या, तर त्या विक्रमी पोकळ्यांचे मोठे यंत्र बांधण्यास कोणत्याही सरकारने पैसा दिला असता की नाही, याची शंकाच आहे.

हँबुर्गच्या चाचणी-यंत्रात मे १९९७ मध्ये पहिली इलेक्ट्रॉन-शलाका धावली. वीक तेव्हा डेझीचा संचालक होता. २६ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, झाडावरून पडून त्याचे अपघाती निधन झाले. बरोबर एका वर्षाने, फेब्रुवारी २००० मध्ये, त्याच यंत्रातून सुमारे १०९ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर-प्रकाश प्रथम निघाला. ज्या टकरीच्या यंत्राचा ध्यास त्याने घेतला होता ते हँबुर्गला उभारावयाचे नाही, असे जर्मन सरकारने २००३ साली ठरविले. क्ष-किरण लेसरच्या भागास मात्र मान्यता मिळाली. ३.४ किलोमीटर लांबीचा ‘युरोपियन एक्सफेल’ भुयारात उभा राहिला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. इलेक्ट्रॉनांना १७.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेणाऱ्या या यंत्रात एका क्लायस्ट्रॉनवर बत्तीस पोकळ्या आहेत, आणि सेकंदाला २७,००० प्रकाशस्पंद देण्याची त्याची क्षमता आहे.

या प्रकाशाने रेणूंच्या हालचालींची जणू छायाचित्रे घेता येतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा पुंजका अतिशय आखूड व वेळेवर यावा लागतो, आणि ते सर्वस्वी लहरीच्या स्थैर्यावर अवलंबून. लहरीचा परमप्रसर दहा हजारांत एक भागापर्यंत व कला अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखणे हे या यंत्राचे उद्दिष्ट. १.३ गिगाहर्ट्‌झला अंशाचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे एकवीस फेम्टोसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा सहा-सात मायक्रॉनच पुढे जातो. आरंभीच्या संगणक-चिपांच्या जागी तोवर हवी तशी रचना घडवता येणाऱ्या ‘एफपीजीए’ चिपा आल्या होत्या. त्या कामात पोलंडमधील वॉर्सा येथील अभियंत्यांचा वाटा मोठा होता.

यानंतर विचाराची दिशा पुन्हा पालटली. स्पंदांऐवजी अखंड चालणारी यंत्रे हवीशी झाली. अमेरिकेत स्टॅनफर्डला, तांब्याच्या त्या जुन्या दोन मैली यंत्राच्याच भुयारात, नवे अतिसंवाहक यंत्र बसवले गेले व सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातून पहिले क्ष-किरण निघाले. सेकंदाला दहा लक्ष स्पंदांसाठी ते आखलेले आहे. अखंड चालण्यात लहरीच्या दाबाचा धक्का दर वेळी बसत नाही. पण शक्तीची काटकसर करावयाची तर पट्टरुंदी फार आवळावी लागते. येथे ती जेमतेम ३२ हर्ट्‌झ आहे. पोकळीची लांबी एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाने बदलली तरी सूर पट्टीबाहेर जातो. अशा यंत्रात बेरजेचा हिशोब पुरत नाही. प्रत्येक पोकळीला पुन्हा स्वतंत्र प्रवर्धक आणि स्वतंत्र अंकीय नियंत्रक देण्यात आला. अर्धवाहक प्रवर्धक स्वस्त झाल्यामुळे हे परवडू लागले, हेही नोंदले पाहिजे. डेलायेनची ती स्वयंप्रेरित शिट्टी आता आकड्यांच्या रूपाने चिपांमध्ये परत आली आहे.

या टप्प्यावर इंदूरचा संबंध येतो. सुखनिवास तलावाच्या परिसरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला फेब्रुवारी १९८४ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बसली. केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. दिलीप देवीदास भवालकर. होळकरांच्या नगरीत हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. कापडाच्या गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात वेगवर्धक बांधावयाचे म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिरापासून निर्वात-तज्ज्ञापर्यंत सारी माणसे घडवावी लागली. ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे ‘इंडस-१’ हे यंत्र १९९९ साली सिद्ध झाले. मग १७२ मीटर परिघाचे, २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे ‘इंडस-२’. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने अणुऊर्जा विभागाच्या संस्थांवर निर्बंध घातले होते, म्हणजे या बांधणीच्या काळातला बराच भाग नाकेबंदीचा होता. तरीही ‘सर्न’च्या महायंत्रासाठी चुंबक नेमक्या जागी उचलून धरणारे ७,०८० जॅक आणि अतिसंवाहक सुधारक-चुंबक भारताने याच काळात पुरविले, व त्या कामाची धुरा इंदूरच्या केंद्राकडे होती.

इंडसच्या पोकळ्या तांब्याच्या आहेत. त्यांची पट्टरुंदी काही हजार हर्ट्‌झ असल्याने त्या निओबियमइतक्या नाजूक नाहीत. परंतु त्यांच्यासाठी ५०५.८ मेगाहर्ट्‌झची अंकीय नियंत्रण-व्यवस्था इंदूरच्या अभियंत्यांनी स्वतः रचली, आणि परदेशी क्लायस्ट्रॉनच्या जागी अर्धवाहक प्रवर्धकही येथेच तयार केले. हाच अनुभव पुढे अतिसंवाहक कामाला भांडवल म्हणून आला. शिकागोजवळच्या फर्मिलॅबशी सहकार्य सुरू झाल्यावर १.३ गिगाहर्ट्‌झची एका कप्प्याची निओबियम पोकळी इंदूरने आकारली; तिची इलेक्ट्रॉन-शलाकेने करावयाची जोडणी दिल्लीच्या केंद्रात झाली, आणि चाचणी फर्मिलॅबमध्ये. नंतर ६५० मेगाहर्ट्‌झच्या पाच कप्प्यांच्या पोकळ्या आल्या, आणि २ केल्व्हिनला पोकळी तपासण्याची सोय इंदूरलाच झाली.

एप्रिल २०१८ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग व अमेरिकेचे ऊर्जा खाते यांच्यात नवी दिल्लीत करार झाला. फर्मिलॅबच्या ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या नव्या प्रोटॉन-यंत्राची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये झाली. वीस वर्षांपूर्वी ज्या देशाने दार बंद केले होते त्याच देशाच्या यंत्रासाठी पोकळ्या, प्रवर्धक, चुंबक आणि नियंत्रणाची साधने पुरविण्याचा वाटा आता भारताकडे आला. या यंत्राची पट्टरुंदी ६० हर्ट्‌झच्या आसपास, आणि मायक्रोफोनिक्सने होणारी ढळ वीस हर्ट्‌झच्या आत ठेवण्याची अट आहे. येथेही प्रत्येक पोकळीला स्वतंत्र प्रवर्धक आहे. त्यांपैकी ३२५ मेगाहर्ट्‌झचे प्रवर्धक मुंबईच्या भाभा केंद्राकडे आणि ६५० मेगाहर्ट्‌झचे इंदूरकडे सोपविण्यात आले. अंकीय नियंत्रकांची रचना भारतीय व अमेरिकन अभियंत्यांनी मिळून हाती घेतली.